पाईकसाठी मोठ्या रबरी माशाचा रिग: घरच्या घरी, टप्प्याटप्प्याने

माझा भाचा स्वीडनमध्ये, मेलारेन तलावाच्या काठी राहतो. पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो त्या वर्षी तीन दिवसांत सात पाईक आमिषाला लागले आणि त्यातले सहा सुटले. सहाही वेळा रबरी माशावर दातांच्या लांब रेघा उमटल्या होत्या, गळ मात्र रबरात होते तसेच रुतलेले. सातवा हाती आला, पण त्याने ट्रेबल, म्हणजे तीन काट्यांचा गळ, घशापर्यंत ओढला होता. सोडवायला पाच मिनिटं गेली. पाण्यात सोडल्यावर तो कुशीवर झाला आणि बराच वेळ तसाच तरंगत राहिला. संध्याकाळी भाचा म्हणाला, "मामा, मासा रबर धरते, गळ नाही धरत. गळ रबरातून निघाला पाहिजे."

तेव्हापासून सप्टेंबरच्या फेरीसाठी लागणारे सगळे रिग, म्हणजे गळ आणि तारा बसवलेले रबरी मासे, मी उन्हाळ्यातच, नागपुरात घरी जेवणाच्या टेबलावर बांधून ठेवतो. बोटीत वारा सुटलेला असतो, बोटं गारठलेली असतात, अशा वेळी घाईत दाबलेला क्रिम्प, म्हणजे तारेचा फास पकडणारी धातूची नळी, मोठ्या माशाच्या पहिल्याच झटक्यात निसटतो. इथे पंख्याखाली बसून तीच गोष्ट शांतपणे करता येते, चुकली तर कापून पुन्हा करता येते. आपल्याकडून मुलाबाळांना भेटायला युरोपात जाणारी घरं आता पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या काहींच्या सामानात एखादा रॉडही असतो. त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितो आहे. रिगमधला प्रत्येक निर्णय मी दोन प्रश्नांवर तपासतो: मासा कुठे चावेल, आणि मी त्याला कसा सोडवीन?

आधी मासा

पाईक, शास्त्रीय नाव एसॉक्स लुसियस, आपल्या पाण्यात नाही. युरोप, सायबेरिया आणि उत्तर अमेरिकेतल्या गोड्या, थंड पाण्याचा हा शिकारी आहे. बाल्टिक समुद्राच्या कमी खारट किनाऱ्यावरही तो राहतो. १९८६ साली जर्मनीतल्या ग्रेफर्न तलावात पकडलेला पाईक २५ किलोच्या आसपास भरला होता. इतका मोठा बहुतेकांच्या नशिबात नसतो, पण एक मीटर लांबीचा मासा चांगल्या पाण्यात खरोखर लागतो.

स्वभाव बराचसा आपल्या मरळीसारखा. गवतात, लव्हाळ्यात दबा धरून थांबायचं आणि जवळ आलेल्यावर झडप घालायची. पाठीवरचा आणि गुदाजवळचा असे दोन्ही पर शेपटीच्या अगदी जवळ असल्यामुळे तो एका झटक्यात बाणासारखा सुटतो. बऱ्याचदा तो भक्ष्याला आडवा, मधोमध धरतो आणि मग फिरवून डोक्याकडून गिळतो. खालच्या जबड्यात सुळ्यांसारखे दात, तर टाळूवर शेकडो बारीक दात, तेही घशाकडे झुकलेले. आत गेलेली वस्तू सहज मागे येत नाही, तो रबर घट्ट दाबून ठेवतो.

ट्रेबलच्या जागा इथूनच ठरतात. पहिला छातीच्या परांखाली असावा, म्हणजे डोक्याकडून धरणारा मासा लागेल. दुसरा पोटाच्या मध्याच्या थोडा मागे, आडव्या चावणाऱ्यासाठी. त्याच्या मागे काही नको. शेपटीकडे गळ लावला तर शेपटी हलायची थांबते, आणि मोठा मासा गिळताना तोच गळ सर्वांत खोल जातो.

टेबलावर काय काय हवं

रबरी मासा २० ते २५ सेंटिमीटरचा, रुंद चपट्या शेपटीचा. पहिल्या रिगसाठी २२ सेंटिमीटरच्या आसपासचा घ्या, त्यावर मोजमाप समजायला सोपं जातं. त्याच्यासाठी १/० किंवा २/० आकाराचे मजबूत ट्रेबल. बारीक तारेचे ट्रेबल मोठ्या माशाच्या जबड्यात उघडतात, म्हणून इथे पैसे वाचवू नका.

स्टिंगरसाठी, म्हणजे ट्रेबल ज्या तारेवर लटकतात तिच्यासाठी, २५ ते ३५ किलो ताकदीची अनेक पदरी स्टीलची तार घ्या. ४९ पदरी तार सर्वांत मऊ असते, ती सहज वाकते आणि पीळ पडला तरी लवकर मोडत नाही. सायकलच्या ब्रेकची तार या कामाला चालत नाही. ती ताठ असते आणि आमिषाची हालचाल मारते.

क्रिम्प स्लीव्ह दोन नळ्यांची, तारेच्या जाडीला जुळणारी. नाकात फिरवायचा स्क्रू, म्हणजे मागे स्प्रिंगसारखी वेटोळी आणि पुढे कडी असलेला, तीन ते चार सेंटिमीटर लांब. मजबूत स्प्लिट रिंग, म्हणजे किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी वेटोळ्याची कडी. सुपरग्लू. दोन पकडी लागतात, एक क्रिम्प दाबायची आणि एक नोज प्लायर. तार कापायला धारदार कटर.

पिनांसाठी एक मिलिमीटरच्या आत जाडीची स्टेनलेस स्टीलची तार आणि हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी, हवी. तार इतवारीत हार्डवेअरच्या दुकानांतून आणता येते. हीट श्रिंक नळी सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे विचारा. ट्रेबल, स्क्रू आणि स्लीव्ह मात्र मासेमारीच्या सामानातलेच घ्या.

रिग बांधणं

रबरी मासा पाकिटात वाकलेला असेल तर आधी सरळ करा. वाकडा मासा कितीही चांगला बांधला तरी पाण्यात गोल फिरतो. उकळी येऊन उतरवलेल्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट धरायचा, मऊ पडला की नाकाला धरून सरळ लोंबकळत ठेवायचा आणि मग गार पाण्यात सोडायचा. स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका, या कामाला एक जुनं पातेलं वेगळं ठेवा.

आता मासा टेबलावर कुशीवर ठेवा आणि बॉलपेनने पोटाकडे दोन खुणा करा, वर सांगितलेल्या दोन जागी. २२ सेंटिमीटरच्या माशावर नाकापासून साधारण ६ ते ७ सेंटिमीटरवर पहिली आणि १२ ते १३ सेंटिमीटरवर दुसरी येते. प्रत्येक कंपनीच्या माशाचा बांधा वेगळा असतो, तेव्हा आकड्यापेक्षा परांकडे आणि शरीर कुठे निमुळतं होतं तिकडे बघा. मागचा तिसरा हिस्सा पूर्ण मोकळा राहिला पाहिजे.

तार कापताना मी दोन स्वतंत्र पाय बनवतो, एक आखूड आणि एक लांब. दोन्ही वरच्या टोकाला एकाच स्प्लिट रिंगेत अडकतात. एकाच तारेवर दोन्ही ट्रेबल ओळीने लावायचीही पद्धत आहे आणि ती दिसायला सुबक असते, पण वरच्या बाजूचा एक क्रिम्प सुटला की दोन्ही गळ जातात. दोन पायांत एक तुटला तरी दुसरा मासा धरून ठेवतो. शिवाय तुटलेल्या तारेसह गळ माशाच्या तोंडात राहून जाण्याची वेळ येत नाही, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

प्रत्येक पायाची लांबी मोजताना नाकाच्या कडीपासून खुणेपर्यंतचं अंतर घ्या, त्यात एक सेंटिमीटर सैल सोडा, आणि दोन टोकांच्या फाशांसाठी प्रत्येकी तीन सेंटिमीटर वाढवा. तो एक सेंटिमीटरचा ढील विसरू नका. तार ताणून बसली की मासा धनुष्यासारखा वाकतो आणि शेपटी मेल्यासारखी होते. ढील फार झाला तर फास गवतात अडकतो, फेकताना ट्रेबल लीडरला, म्हणजे आमिषाच्या पुढच्या दात-रोधक दोरीला, वेढतो.

क्रिम्प करताना तार स्लीव्हच्या एका नळीतून घाला, ट्रेबलच्या डोळ्यातून काढा, दुसऱ्या नळीतून परत आणा. टोक स्लीव्हच्या बाहेर मिलिमीटरभर दिसत राहू द्या. फास लहान ठेवा, पण ट्रेबल त्यात मोकळा फिरला पाहिजे. मग स्लीव्हचा मधला भाग दाबा. दोन्ही कडांना अगदी टोकापर्यंत दाबू नका, कारण दाबलेली धारदार कड तारेलाच कापते. नव्याने शिकताना सर्वांत जास्त तारा इथे तुटतात. कडा किंचित उमललेल्या राहिल्या म्हणजे काम बरोबर झालं.

वरच्या टोकालाही तसाच फास करून दोन्ही पाय स्प्लिट रिंगेत घाला आणि रिंग स्क्रूच्या कडीत अडकवा. पुढे मासा ओढणार आहे तो याच रिंगेला, म्हणून ती ट्रेबलपेक्षा कमकुवत नको.

आता ताकद तपासा. माझी पद्धत साधी आहे. १५ लिटरची बादली पाण्याने काठोकाठ भरायची, ट्रेबल बादलीच्या कडीत अडकवायचा, वरची रिंग पकडीने धरून बादली जमिनीवरून उचलायची आणि दहा आकडे मोजायचे. हे १५ किलोपेक्षा जास्त वजन झालं. दोन्ही पाय वेगवेगळे तपासा. डोळ्यांवर चष्मा असू द्या, चेहरा तारेच्या रेषेत ठेवू नका, आणि मुलांना त्या वेळी खोलीबाहेर पाठवा. तार किंचितही सरकली तर तो पाय फेकून द्यायचा. पुन्हा दाबून चालवून घेऊ नका.

स्क्रू नाकात घालताना घाई नको. नाकाचा बरोबर मध्य शोधा, वरून आणि बाजूने दोन्हीकडून बघा. स्क्रू शरीराच्या मध्यरेषेत सरळ जाईल असा हळूहळू फिरवा. एक वेटोळं बाहेर राहिलं की तिथे सुपरग्लूचा एक थेंब सोडा आणि शेवटचा फेरा पूर्ण करा. तासभर हात लावू नका. स्क्रू दोन-तीन अंशांनी जरी तिरका गेला तरी मासा एका अंगावर कलतो. तसं झालं तर ग्लू घालण्याआधीच काढून परत बसवा, कारण वाळल्यावर तो रबर फाडूनच निघतो.

पिना

माझे सहा मासे ज्या चुकीने गेले ती इथली. मी ट्रेबलचे दोन-दोन काटे पोटात खोल रोवले होते, म्हणजे फेकताना सुटणार नाहीत. सुटले नाहीतच, मासा लागल्यावरही. पाईक रबर दाबून धरतो, आपण झटका मारतो तेव्हा रबर आणि गळ एकत्रच सरकतात, आणि काट्याचं टोक त्याच्या जबड्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून काट्यांनी रबराला धरायचंच नाही. ते काम पिनेला द्यायचं. स्टेनलेस तारेचा दोनेक सेंटिमीटरचा तुकडा घ्या. तो ट्रेबलच्या दांड्याला समांतर ठेवा आणि त्यावर हीट श्रिंक नळी सरकवून लायटरने किंवा हेअर ड्रायरने गरम करा. नळी आवळली की तारेचं मोकळं टोक काटकोनात वाकवा. हे सात-आठ मिलिमीटरचं टोक पोटात खुणेच्या जागी टोचायचं. ट्रेबल पोटाला चिकटून बसतो आणि तिन्ही काटे मोकळे राहतात. मासा चावला, आपण ओढलं, की पिन निघते आणि ट्रेबल रबरापासून वेगळा होऊन माशाच्या तोंडाच्या कडेला लागतो. मासा डोकं झटकतो तेव्हा रबराचं शंभर ग्रॅमचं वजन गळाला हिसका देत नाही, ते नाकाच्या स्क्रूला लोंबकळत राहतं. मासे सुटायचं प्रमाण यानेच कमी होतं.

पिन बनवायला वेळ नसेल तर ट्रेबलचा एकच काटा पोटात टोचा, तोही जेमतेम टिकेल इतकाच. दोन काटे बाहेर.

बार्ब, म्हणजे काट्यावरची उलटी कुसळं, मी सगळ्या गळांची पकडीने दाबून टाकतो. दोरी ताणलेली ठेवली तर बार्ब नसलेल्या गळावरून मासा क्वचितच सुटतो. सोडवताना मात्र दहा सेकंदांत काम होतं. हाच गळ स्वतःच्या बोटात गेला तरी तसाच परत निघतो, आणि जवळचा दवाखाना चाळीस किलोमीटरवर असताना हे फार उपयोगी पडतं.

वजन आणि खोली

आतापर्यंत बांधलेला रिग एक ते तीन मीटर पाण्यासाठी आहे. सप्टेंबरात पाईक बऱ्याचदा गवताच्या पट्ट्याच्या कडेला असतो, तिथे एवढंच लागतं. थोडं खाली न्यायचं असेल तर ५ ते २० ग्रॅमचं शिशाचं किंवा टंगस्टनचं वजन पोटाच्या पुढच्या भागात, छातीच्या परांच्या ओळीत टोचा. तिथे ठेवलेलं वजन जहाजाच्या तळासारखं मासा उभा धरून ठेवतं. मागे सरकवलं की शेपटी बुडते.

चार-सहा मीटर खाली जायचं तर जिगहेड, म्हणजे डोक्याला वजन ओतलेला गळ, घ्या, ३० ते ४० ग्रॅमचं, ८/० किंवा १०/० च्या लांब गळाचं. जिगहेड माशाच्या बाजूला धरून गळ जिथे वळतो तिथे पाठीवर खूण करा, नाकातून गळ घाला, मध्यरेषेतून सरकवत त्या खुणेवर बाहेर काढा, डोकं बसवताना सुपरग्लू लावा. एवढ्या लांब माशाला एका गळावर भागत नाही. जिगच्या डोळ्यातून एक स्टिंगर काढून एक ट्रेबल पोटाच्या मध्याच्या मागे पिनेने बसवा.

दाट गवतात ट्रेबल निरुपयोगी. तिथे पोटाला वजन असलेला रुंद ऑफसेट गळ, म्हणजे डोळ्याजवळ वाकवलेल्या दांड्याचा एकेरी गळ, आणि १५ ते १८ सेंटिमीटरचा सडपातळ मासा वापरा. गळाचं टोक पाठीच्या कातडीत नुसतं लपवायचं. जाड पोटाच्या माशात हा गळ वापरू नका, टोक बाहेरच येत नाही. या रिगवर मासे जास्त सुटतात, हे मनाशी धरूनच तो बांधावा.

लीडर

पाईकच्या दातांसमोर ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, टिकत नाही, कितीही जाड असली तरी. लीडर हवाच. दोरी तुटून दोन ट्रेबल तोंडात घेऊन गेलेला मासा उपाशी मरू शकतो, म्हणून या बाबतीत कुणाचंही ऐकून तडजोड करू नका.

मी ०.९ ते १ मिलिमीटर जाडीचं फ्लुरोकार्बन, म्हणजे एकपदरी पारदर्शक कडक दोरी, वापरतो, ७० ते १०० सेंटिमीटर लांब. दोन्ही टोकांना क्रिम्प, एकीकडे स्विव्हल, म्हणजे दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी, दुसरीकडे ५० किलोच्या आसपासचा मजबूत स्नॅप, म्हणजे आमिष अडकवायचा उघडता येणारा हूक. फ्लुरोकार्बनसाठी स्लीव्ह वेगळ्या मापाच्या लागतात, तारेच्या स्लीव्ह चालत नाहीत. ०.८ च्या खाली जाऊ नका. प्रत्येक माशानंतर लीडरवरून दोन बोटं फिरवा, खरखरीत ठिकाण लागलं तर लगेच बदला. असा सारखा तपास करायचा कंटाळा असेल तर सरळ स्टीलचा किंवा टायटॅनियमचा लीडर घ्या. त्याने मासे कमी लागतात असा माझा अनुभव नाही.

मुख्य दोरी ०.३० मिलिमीटरच्या आसपासचा ब्रेड, रॉड किमान १०० ते १५० ग्रॅम फेकायच्या ताकदीचा. रबर, वजन आणि गळ मिळून किती होतं ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. आपल्याकडे मरळीसाठी वापरतो तो रॉड या वजनाला मोडतो.

पाण्यात उतरवून बघणं

कूलरची टाकी यासाठी अपुरी पडते, दोन मीटर तरी सरळ ओढता आलं पाहिजे. माझ्याकडे अंगणात सिमेंटचं लांबट टाकं आहे, तिथे मी प्रत्येक रिग तपासतो. ते नसेल तर ओळखीच्या शेतातला विहिरीजवळचा हौद उत्तम.

लीडर लावून, रॉडच्या टोकाने मासा हळू, अगदी रमतगमत चालायच्या वेगाने ओढा. शेपटी लगेच हलायला लागली पाहिजे, शरीर डावी-उजवीकडे थोडं डोलत राहिलं पाहिजे. थंड पाण्यात आमिष याच वेगाने चालवायचं असतं, त्यामुळे जोरात ओढल्यावरच पोहणारा रिग बाद.

एका अंगावर कलत असेल तर आधी स्क्रू बघा, मग दोन्ही ट्रेबल पोटाच्या मधोमध आहेत का ते. गोल फिरत असेल तर रबर वाकडं आहे किंवा वजन कमी पडतं आहे. नाक वर करून येत असेल तर वजन थोडं पुढे घ्या. ताठ येत असेल, शेपटी हलत नसेल, तर मागचा ट्रेबल फार मागे आहे किंवा तार ताणली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं कशाने सुधारलं ते कळत नाही. झाल्यावर ट्रेबल पाण्याने हलवून पिना टिकतात का बघा. दोन-चार वेळा मोकळा झटका मारून निघाल्या तर टोक मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांब हवं.

मासा लागल्यावर

रॉड वर उपटू नका. दोरीतला ढील काढून रॉड आडवा, जमिनीला समांतर, ठामपणे ओढा. पिना सुटायला तेवढं पुरतं.

बोटीत किंवा काठावर या वस्तू हाताशी हव्यात: २५ सेंटिमीटरपेक्षा लांब नोज प्लायर, गळाचा दांडा कापू शकेल असा कटर, रबराचा मुलामा असलेल्या जाळीचं मोठं जाळं, आणि ओली करून पसरायची गादी. शक्य असेल तर मासा जाळ्यातच, पाण्यात ठेवून गळ काढा. बाहेर घ्यावा लागला तर बोटं गालाच्या झाकणाखाली, जबड्याच्या हाडाच्या कडेने पुढे सरकवा. लाल कल्ल्यांना स्पर्श होऊ देऊ नका. दुसरा हात पोटाखाली, मासा आडवा. जबड्याला धरून उभा लटकवलेल्या मोठ्या माशाच्या मणक्यावर आणि आतल्या अवयवांवर ताण येतो. गळ खोल असेल तर ओढाताण न करता कटरने काटे कापा. ट्रेबल पुन्हा मिळतो.

उन्हाळ्यात पाणी २० अंशांच्या वर गेलं असेल तर मी पाईकच्या मागे जात नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंज दिलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी नंतर मरू शकतो.

परवान्याचं जाण्याआधी बघून ठेवा. स्वीडनमध्ये मेलारेन, वेनर्न, वेटर्न, येलमारेन आणि स्तूरशोन या पाच मोठ्या तलावांवर आणि समुद्रकिनाऱ्यावर हातातल्या रॉडने मासेमारी सर्वांना मोफत आहे, बाकीच्या पाण्यांसाठी कार्ड घ्यावं लागतं. नेदरलँड्समध्ये व्हिसपास नावाचा परवाना लागतो, आणि १ एप्रिलपासून मेच्या शेवटच्या शनिवारपर्यंत असं कृत्रिम आमिष वापरायला मनाई असते. कोणता आकार ठेवायचा, कोणता सोडायचा, हे नियम बदलत राहतात, ते त्या वर्षीचे बघा. गळ, पकडी आणि कटर विमानात चेक-इन सामानातच टाका. प्रत्येक ट्रेबलवर कागद गुंडाळून रबर बँड लावा, सामान तपासणाऱ्याच्या हातात गळ जाऊ नये.

नागपूरच्या उन्हाळ्यात जपणं

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हे रबर आपल्याला त्रास देतं. गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला मासा वाकतो, तेल सोडतो, रंग एकमेकांत उतरतात. घरातल्या सर्वांत गार खोलीत, खालच्या कप्प्यात, मूळ पाकिटात आडवे ठेवा. गडद आणि फिके रंग वेगळे. टीपीई नावाच्या लवचीक प्लास्टिकचे मासे साध्या पीव्हीसी रबराच्या माशांना चिकटून राहिले तर दोन्ही वितळून चिकट गोळा होतो, त्यांना वेगळा डबाच द्या. स्टिंगर मी रबरावर ठेवत नाही. पिना काढून, रिंगेतून सोडवून, जाड पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवतो आणि पुठ्ठ्यावर माशाची लांबी लिहितो. परत आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून मगच डब्यात.

इथल्या पाण्यात हात बसवायचा असेल तर

हाच रिग लहान करून मरळ आणि शिवड्यासाठी चालतो. शिवड्याला मोकळ्या पाण्यात १२ ते १५ सेंटिमीटरचा मासा आणि पोटाला एकच ट्रेबल पुरेसा. त्याचे दातही बारीक आणि दाट असतात, लीडर ठेवाच. मरळ गवतात राहते, तिथे १० सेंटिमीटरचा मासा ऑफसेट गळावर.

विदर्भातले बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. ढिवर बांधवांचं पोट त्या पाण्यावर आहे, त्यांनी तिथे बोटुकली सोडलेली असतात. रॉड काढण्याआधी त्यांना विचारा. त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसलात तर मासा कुठे उठतो तेही ते सांगतील. तोतलाडोहचं पाणी पेंच व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथे मासेमारीला बंदी आहे.

पावसाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर तांबूस पिल्लांचा थवा खदखदताना दिसला तर तिथे आमिष टाकू नका. खाली मरळीची जोडी राखण करत असते आणि जवळ आलेल्या कशावरही धावून येते, त्यामुळे ती पकडणं फार सोपं असतं. ती उचलली की तो सगळा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. रॉड आवरा आणि पुढच्या वळणावर जा.